जागेचें तोंड

जमिनीच्या खरेदीखतांत चतुःसीमा लिहिण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. पूर्वेस अमक्याचें शेत, दक्षिणेस तमक्याचें घर, पश्चिमेस तिसऱ्याची बाग आणि उत्तरेस सरकारी रस्ता, असें चार ओळींत लिहिलें म्हणजे ती जागा या अफाट पृथ्वीवर कोठें आहे याचा निश्चय होतो. या चारही ओळी कारकून एकाच अक्षरांत लिहितो आणि वाचणाराही त्या एकाच दमांत वाचून टाकतो. परंतु त्यांचें वजन सारखें नाहीं. पहिल्या तीन ओळींत दुसऱ्या कोणाच्या तरी मालकीचा उल्लेख असतो. चौथींत ज्या वस्तूचा उल्लेख असतो ती कोणा एकाची नसून सर्वांची असते. आणि व्यवहारांत पाहिलें तर जागेची किंमत बहुतांशीं या चौथ्या ओळीनेंच ठरते. जागेची जी कड रस्त्याला लागून असते तिला दलाल ‘फ्रंटेज’ म्हणतात, जाहिरातींत ‘रोडटच’ असा धेडगुजरी शब्द येतो, इंजिनियर तिला दर्शनी बाजू म्हणतात, आणि सामान्य माणूस ‘जागेचें तोंड कोणीकडे आहे?’ असें विचारतो. मला हा शेवटचा शब्द सर्वांत अर्थपूर्ण वाटतो. कारण तोंड ज्याचें त्याचें असलें तरी तें पाहावयाचें इतरांनीं असतें, आणि बोलणेंचालणें, घेणेंदेणें सारें त्याच वाटेनें होतें.

आतां हें जें तोंड, त्याची मालकी म्हणजे नेमकी कशाची मालकी? प्रश्न वरवर वकिली दिसतो. पण जरा उकलून पाहिला तर तो मालकी या कल्पनेच्या मुळाशींच जाऊन पोंचतो. सातबाऱ्याच्या उताऱ्यांत क्षेत्र असतें, आकार असतो, भोगवटादाराचें नांव असतें, पीकपाण्याची नोंद असते. परंतु या जमिनीला रस्त्याची कड किती फूट लागते हें त्यांत लिहिलेलें नसतें. तरीही एक एकराचीं दोन शेतें शेजारीं शेजारीं असून एकास रस्त्याची दोनशें फूट कड लागली आणि दुसऱ्यास वीसच फूट लागली, तर त्यांच्या किंमतींत किती अंतर पडतें हें खेड्यांतलें पोरही सांगेल. किंमत ठरविणारे तज्ज्ञ या अंतराचा हिशेब पट्टेपद्धतीनें करतात. रस्त्यालगतचा पहिला पट्टा पूर्ण दरानें, त्यामागचा दुसरा दोनतृतीयांश दरानें आणि तिसरा निम्म्या दरानें धरावयाचा, अशी ही रीति असून भूसंपादनाच्या खटल्यांत आपल्या कोर्टांनींही तिचा आधार घेतलेला आहे. अमेरिकेंत याहून नेमका आडाखा रूढ झाला: शंभर फूट खोल जागेचे पंचवीस पंचवीस फुटांचे चार पट्टे पाडले, तर एकंदर किंमतीचे ४० टक्के पुढच्या पट्ट्यांत, ३० दुसऱ्यांत, २० तिसऱ्यांत आणि अवघे १० टक्के शेवटच्यांत. माती तीच, पाऊस तोच, वरचें आकाशही तेंच. पण रस्त्याकडे पाठ करून चालूं लागावें तों पावलागणिक किंमत उतरत जाते.

ही किंमत निर्माण कोणीं केली? लॉकनें १६८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत खासगी मालकीचें समर्थन श्रमाच्या आधारें केलें आहे. मनुष्याचें शरीर त्याचें, म्हणून शरीराचे श्रम त्याचे, आणि ज्या जमिनींत हे श्रम मिसळले ती जमीनही त्याचीच. शेताच्या बाबतींत ही उपपत्ति बरीच पटते. दगड वेंचून काढणें, ताली घालणें, विहीर खणणें यांत पिढ्यान्‌पिढ्यांचा घाम मुरलेला असतो, आणि तो मुरवणाऱ्यास तूं येथला कोण असें विचारण्याचें धैर्य कोणास व्हावें? परंतु तोंडाच्या बाबतींत मालकानें काय केलें? रस्ता आंखला सरकारनें, खडी फोडली मजुरांनीं, पैसा दिला कर भरणारांनीं. आणि एवढ्यानेंही काम भागत नाहीं. ज्या रस्त्यावरून कोणी जात नाहीं त्याच्या तोंडाला कोण विचारतो? तोंडाची खरी किंमत चालणाऱ्यांच्या पायांनीं घडते. ज्यानें घडविली त्यास तिचा मागमूसही नाहीं, आणि ज्याच्या पदरांत ती पडली तो त्या वेळीं ओसरीवर निजलेला असेल. मिल्लनें आपल्या अर्थशास्त्राच्या ग्रंथांत (१८४८) आणि त्याच्यामागून अमेरिकेंतील हेन्री जॉर्जनें ‘प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी’ या ग्रंथांत (१८७९) याच गोष्टीवर बोट ठेविलें. समाजानें वाढविलेली किंमत समाजानें करांच्या रूपानें परत घ्यावी, असा जॉर्जचा सिद्धान्त आहे.

यावर दोन आक्षेप घेण्यांत येतात. पहिला असा कीं, कोणाचें उत्पन्न समाजावर अवलंबून नाहीं? प्राध्यापकाला पगार मिळतो तो विद्यार्थी येतात म्हणून, वैद्याला मिळतो तो रोगी येतात म्हणून. हें खरें, परंतु प्राध्यापकानें शिकविणें सोडलें म्हणजे पगार थांबतो, आणि रस्त्याकडचें तोंड मात्र घराला कुलूप लावून मालक काशीस गेला तरी कमाई करीतच राहतें. दुसरा आक्षेप मला अधिक भारी वाटतो. आजचा मालक हा रस्ता झाला त्या वेळचा मालक नसतो. त्यानें बाजारभावानें पैसे मोजून, बहुधा कर्ज काढून, तोंडासकट जागा घेतलेली असते. फुकटचा लाभ झाला तो त्याच्यामागील कोणा विकणाऱ्यास, आणि तो आतां हातीं लागावयाचा नाहीं. म्हणून जॉर्जची मागणी मला सबंध मान्य करतां येत नाहीं. मागची किंमत उकरून काढण्याचा यत्न न्यायाच्या नांवानें नवा अन्याय करील. पुढें नवा रस्ता होऊन जी वाढ होईल तिच्याविषयींच काय तो प्रश्न शिल्लक राहतो.

या प्रश्नाचें उत्तर कायद्यानें अनेक देशांत देऊन पाहिलें आहे. इंग्लंडांत १८७५ च्या सार्वजनिक आरोग्याच्या कायद्यानें खासगी रस्त्याच्या फरसबंदीचा व गटारांचा खर्च त्या रस्त्यावर तोंड असलेल्या मालकांवर, ज्याच्या त्याच्या तोंडाच्या लांबीप्रमाणें, बसविण्याची सोय केली. १८९२ सालीं त्यांत एक मार्मिक सुधारणा झाली. नुसती लांबी न पाहतां कोणास अधिक लाभ होतो व कोणास कमी, हेंही पाहण्याचा अधिकार स्थानिक संस्थेस मिळाला. आणि ज्यांचें तोंड रस्त्यावर नाहीं पण जे बोळांतून त्याच रस्त्यावर येतात, त्यांनाही लाभाच्या मानानें खर्चांत सामील करतां येऊं लागलें. मागच्या घरांत राहणारा मनुष्यही रस्त्याचा धनी आहे, ही गोष्ट येथें कायद्यानें, खर्च वसूल करण्याच्या निमित्तानें कां होईना, ओळखली.

अमेरिकेंत मात्र एक नमुनेदार खटला झाला. ओहायो संस्थानांतील नॉरवुड गांवानें बेकर नांवाच्या बाईच्या जमिनीमधून नवा रस्ता काढला. जमीन गेली तिच्याबद्दल ज्यूरीनें दोन हजार डॉलर भरपाई ठरविली. मग गांवानें असें केलें कीं, नव्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंस त्याच बाईची जमीन उरली असल्यामुळें तिला दोन्हीकडे नवें तोंड लाभलें, म्हणून त्या तोंडाच्या फुटांवर आकारणी करून भरपाईची सगळी रक्कम आणि वर कज्जाचा खर्चही तिच्याचकडून वसूल करावयाचें ठरविलें. म्हणजे एका हातानें दिलें तें दुसऱ्या हातानें काढून घेतलें, आणि मापणाऱ्याची मजुरीही तिच्याच माथीं मारली! वरिष्ठ कोर्टानें १८९८ सालीं हें रद्द ठरविलें. जागेस खरोखर जो विशेष लाभ झाला असेल त्याहून पुष्कळच अधिक वसूल करणें म्हणजे मोबदला न देतां मालमत्ता हिरावून घेणें होय, असा त्याचा आशय. तीनच वर्षांनीं, १९०१ सालीं, त्याच कोर्टानें दुसऱ्या एका खटल्यांत तोंडाच्या लांबीवर खर्च वांटण्याची रीति मुळांत गैर नाहीं असाही निर्णय दिला. या दोन निर्णयांत विसंगति आहे असें पुष्कळांनीं म्हटलें. मला ती फारशी दिसत नाहीं. फुटांनीं मोजणें गैर नाहीं, फूट म्हणजेच लाभ असें समजणें गैर आहे.

आपल्या मुंबई इलाख्यांत १९१५ च्या नगररचनेच्या कायद्यानें योजनेमुळें जागेची जी किंमत वाढेल तिच्या निम्म्यापर्यंत वर्गणी मालकाकडून घेण्याची मर्यादा घातली. निम्मेंच कां, याला तर्कशास्त्रांत उत्तर नाहीं. निम्मे रस्त्याचें, निम्मे जागेचें, ही जुन्या पंचांची तोड आहे, आणि ती वाईट नाहीं. परंतु कोणतीही तोड काढली तरी एक अडचण उरतेच. पेठेंतल्या रस्त्यावर जुनें घर असलेली एक वृद्ध बाई कल्पावी. तिच्या घराच्या तोंडाची किंमत आज कोटींत गेली आहे असें शेजारीपाजारी सांगतात. तिला त्याचा उपयोग काय? ती तेथें राहते, खिडकींतून रस्ता पाहते आणि गोंगाटानें रात्रीं जागी होते. जी किंमत घर सोडल्यावांचून हातीं येत नाहीं, तिच्यावर कर बसविणें म्हणजे घर सोड असें सभ्य भाषेंत सांगणें होय. रस्तारुंदींत तिचा ओटा आणि पुढची खोली गेली तर नगरपालिका पैसा तरी देईल किंवा चटईक्षेत्राच्या रूपानें मोबदला देईल. पण समोरच्या ओळींतलें एखादें घर सबंधच रुंदींत गेलें, तर त्याच्यामागें आजवर बोळांत असलेलें घर एका रात्रींत तोंडावर येतें, आणि त्याच्या मालकास कोणी कांहीं विचारीत नाहीं. एकाचें तोंड गेलें तें दुसऱ्यास मिळालें. या दोघांमधला हिशेब कोणत्या दप्तरांत मांडतात?

येथें जरा विषयांतर करून लोकरूढीची एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपल्याकडे जागेचे गोमुखी आणि व्याघ्रमुखी असे दोन प्रकार मानतात. पुढें अरुंद व मागें रुंद ती गोमुखी, आणि पुढें रुंद व मागें निमुळती ती व्याघ्रमुखी. गोमुखी जागा राहण्यास शुभ, व्याघ्रमुखी दुकानास चांगली पण घरास नव्हे, असा संकेत आहे. वास्तुशास्त्रावर माझी श्रद्धा नाहीं. परंतु या संकेतांत मनुष्यस्वभावाचें निरीक्षण आहे असें मला वाटतें. ज्यास संसार करावयाचा आहे त्यास तोंड थोडें पुरतें, पोट मोठें लागतें. ज्यास व्यापार करावयाचा आहे त्याचें सारें भांडवल तोंडांत असतें. म्हणूनच शहरांत असें दिसतें कीं, घरमालक पुढच्या खोल्या दुकानांस भाड्यानें देतो आणि स्वतः बाजूच्या बोळांतून, कचऱ्याच्या डब्यावरून पाय टाकीत, आपल्याच घरांत शिरतो. पूर्वीं ओटा हा घराचा भाग असून वाटसरूच्या बसण्याचीही जागा असे. आतां दुकानाची फळी ओट्यापलीकडे पदपथावर येते, आणि रस्त्यानें दिलेलें तोंड रस्ताच गिळूं लागतें. दुकानदाराचें गिऱ्हाईक ज्या पदपथावरून येतें तोच त्यानें अडवावा, हा वेडेपणा कीं अति शहाणपणा, हें मला सांगतां येत नाहीं.

असो. आतांपर्यंत तोंडाचा विचार मालक आणि रस्ता यांच्यापुरता केला. परंतु या विषयांतील खरी नैतिक गुंतागुंत तिसऱ्याच मनुष्याच्या ठिकाणीं आहे. आणि तो म्हणजे मागचा. लॉकनें आपल्या उपपत्तीला एक अट जोडली होती: श्रमानें जमीन आपली करावी खरी, पण इतरांसाठीं तितकीच व तशीच चांगली शिल्लक राहिली पाहिजे. क्षेत्राच्या बाबतींत ही अट निदान कल्पनेंत पाळतां येते. एकानें इकडची दहा एकर घेतली तर दुसऱ्यानें पलीकडची घ्यावी. तोंडाच्या बाबतींत ती कल्पनेंतही पाळतां येत नाहीं. क्षेत्र पसरतें, तोंड ही नुसती रेषा आहे. रेषेवर जो उभा राहिला त्यानें आपल्यापुरती जागा घेतली एवढेंच होत नाहीं. त्याच्या पाठीमागच्याची वाटही त्यानें अडविली. येथें पुढें असणें म्हणजे कोणाच्या तरी आड असणें होय, मग मनांत दुष्टपणा असो वा नसो.

हें ज्यांनीं फार लवकर ओळखलें असे लोक कॅनडांतील क्वेबेक प्रांतांत होते. सेंट लॉरेन्स नदीच्या कांठीं फ्रेंच वसाहतवाल्यांनीं सतराव्या शतकापासून जमिनी वांटल्या त्या नदीपासून आंत गेलेल्या लांबट पट्ट्यांनीं. नदी हाच त्यांचा रस्ता होता. उन्हाळ्यांत होडीनें आणि हिवाळ्यांत गोठलेल्या पाण्यावरून जाणेंयेणें चाले. पट्ट्याचें तोंड साधारण तीन आर्पां आणि खोली त्याच्या दसपट किंवा अधिक असे. आर्पां म्हणजे सुमारें १९२ फूट. बाप मेल्यावर मुलांत वांटणी करतांना ते पट्टा उभा चिरीत, आडवा चिरीत नसत. कारण आडवा चिरला तर एकास नदी मिळे आणि दुसऱ्यास जंगल. उभ्या चिरण्यानें पट्टे अरुंद होत चालले, नांगर वळविण्याची पंचाईत झाली, आणि शेवटीं १७४५ सालीं फ्रान्सच्या राजाला हुकूम काढावा लागला कीं, दीड आर्पांहून कमी तोंडाच्या जमिनीवर घर व कोठार बांधूं नये. तेथील जहागिरी पद्धति १८५४ सालीं रद्द झाली. पट्टे मात्र आजही नकाशांत दिसतात. शेतीच्या दृष्टीनें हा वेडेपणा होता असें म्हणतां येईल. मला त्यांत सोयीहून मोठें असें कांहीं दिसतें. भावाला वाईट जमीन मिळाली तर सोसेल, पण त्याला नदी दिसूं नये हें त्या लोकांस सोसलें नाहीं.

आपल्याकडील भाऊवांटपांत दोन्ही तऱ्हा दिसतात. रस्त्याची कड लांब असेल तर जमीन उभी वांटतात. कड अपुरी असेल, किंवा विहीर, उतार, जुनें घर यांमुळें उभी वांटणी जमत नसेल, तर पुढचा तुकडा एकास व मागचा दुसऱ्यास देऊन मधून गाडीवाट सोडतात. सोडतात म्हणजे तोंडानें सोडतात. पहिलीं कांहीं वर्षें सारें ठीक चालतें. पुढें दर नांगरटीला बांध कोरला जातो, वाटेचा एक तास कमी होतो. बैलगाडी जात होती तेथून ट्रॅक्टर जात नाहीं, मग बैलगाडीही जात नाहीं, आणि अखेर पायवाटेवर पुढचा भाऊ गुरें बांधूं लागतो. मागच्याचा ऊंस तुटून पडलेला असतो आणि बाहेर काढावयास वाट नसते. एवढ्यावरून डोकीं फुटल्याच्या कथा कोणत्या तालुक्यांत नाहींत?

कायदा अशा वेळीं मागच्याच्या बाजूस उभा आहे, आणि तो कोणत्या तत्त्वावर उभा आहे हें पाहण्यासारखें आहे. १८८२ चा सुविधाधिकाराचा कायदा १८९१ सालीं मुंबई इलाख्यास लागू झाला. त्याच्या १३ व्या कलमाप्रमाणें, एकत्र असलेली मिळकत विक्रीनें किंवा वांटणीनें विभागली गेली आणि दुसऱ्याच्या भागावरून गेल्यावांचून एका भागाचा उपभोगच घेतां येत नसेल, तर तेवढ्यापुरती वाट कागदावर नसली तरी कायद्यानें निर्माण होते. येथें ‘सोय’ पुरत नाहीं, ‘गरज’ लागते. जवळची वाट मागतां येत नाहीं, वाट मात्र मागतां येते. आणि हा हक्क उत्पन्न होतो तो पुढची व मागची जमीन एके काळीं एकच होती म्हणून. भाऊ विसरले तरी जमीन एकत्र होती ही गोष्ट कायदा विसरत नाहीं. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाचें १४३ वें कलम याहून एक पाऊल पुढें गेलें आहे. शेतकऱ्यास आपल्या शेतांत जाण्यास वाजवी वाट हवी एवढ्या गरजेवरून तहसीलदारास दुसऱ्याच्या बांधावरून वाट देतां येते. जमिनी पूर्वीं एकत्र असल्या पाहिजेत अशी अट तेथें नाहीं. म्हणजे १८८२ च्या कायद्यास जें कर्तव्य एका घरांतल्या भावाभावांत दिसलें, तेंच १९६६ च्या कायद्यास शेजाऱ्याशेजाऱ्यांत दिसलें. मालकी म्हणजे दुसऱ्यास बाहेर ठेवण्याचा हक्क, ही व्याख्या आम्हीं कॉलेजांत पाठ केली. रस्त्याच्या कडेला ती व्याख्या या दोन कलमांनीं बरीच झिजविली आहे, आणि त्याबद्दल मला दुःख नाहीं.

तरी कायद्याच्या हाताला मर्यादा आहेत. चालू वाट अडविली तर १९०६ च्या मामलेदार कोर्टाच्या कायद्याखालीं ती लवकर मोकळी करून मिळते, पण त्यासाठीं सहा महिन्यांच्या आंत दावा लावावा लागतो. सख्ख्या भावावर सहा महिन्यांत दावा कोण लावतो? घरांत लग्न असतें, म्हातारी आई असते, पंचमीला बहिणी यावयाच्या असतात. भिडेनें सहा महिने जातात आणि वर्षही जातें. भीड ही मागच्यालाच बाधते, पुढच्याला बाधत नाहीं, ही यांतली खरी विषमता. वीस वर्षें उघडपणें, शांतपणें व हक्कानें वापर केल्यास वहिवाटीनें हक्क मिळतो हेंही खरें. परंतु ‘भावानें प्रेमानें जाऊं दिलें’ असें पुढच्यानें कोर्टांत सांगितलें म्हणजे त्या प्रेमाचाच पुरावा मागच्याच्या विरुद्ध जातो.

म्हणून वांटणीच्या वेळींच वाटेची रुंदी आंकड्यांत लिहावी, तिच्या दोन्ही टोकांस दगड रोवावेत आणि सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या सदरांत तिची नोंद करून घ्यावी. महाराष्ट्राच्या महसूल खात्यानेंही २०२५ सालीं शेतरस्त्यांची अशी नोंद करण्याविषयीं निर्णय काढला आहे. पुष्कळ घरांतून यावर एकच उत्तर येतें: भावाभावांत कागद कशाला, आमचा एकमेकांवर विश्वास नाहीं काय? विश्वास असेल, आणि ज्या दोघांनीं वांटणी केली ते हयात असेपर्यंत तो टिकेलही. पण पुढचा तुकडा उद्यां पेट्रोलपंपासाठीं किंवा मंगल कार्यालयासाठीं विकला जातो, कारण तोंड त्याच्याकडेच असतें आणि गिऱ्हाईक तोंडालाच येतें. विकत घेणारा परगांवचा असतो. तो सातबारा पाहतो, नकाशा पाहतो, पैसे मोजतो आणि तारेचें कुंपण घालावयास माणसें पाठवितो. त्या दिवशीं मागच्याचा नातू बांधावर उभा राहून आजोबांनीं दिलेला शब्द सांगूं लागला, तर कुंपणवाला त्याला कागद मागेल.